भारुंड, रानपिंगळा आणि मांडूळ : अद्भुत प्राण्यांच्या अस्तित्वाचा प्रश्न आणि लोकसाहित्याची समीक्षा

प्रस्तावना

लोककथांत आणि पुराणांत आढळणारे अद्भुत प्राणी खरोखर अस्तित्वात होते काय, किंवा आजही कोठे दडून राहिलेले असू शकतील काय, हा प्रश्न लोकसाहित्याच्या तासाला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो. मराठीच्या अध्यापकाकडे यावर साधारणतः दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे की, हे प्राणी म्हणजे प्रतीके होत. त्यांच्या अस्तित्वाचा प्रश्न विचारणे हेच साहित्यदृष्टीचा अभाव दर्शविते. दुसरे उत्तर असे की, ही अंधश्रद्धा आहे आणि तिचे निर्मूलन झाले पाहिजे. अलीकडे तिसरे उत्तरही ऐकू येते. ते असे की, आपल्या पूर्वजांनी हे प्राणी पाहिले होते, विज्ञानाला ते अद्याप सापडले नाहीत इतकेच.

ही तिन्ही उत्तरे मुख्यतः आळसातून आलेली आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक उत्तर सर्व प्राण्यांना एकाच वेळी लागू केले जाते. भारुंड, शरभ, मकर, मणिधारी नाग, दुतोंड्या साप, कडा चढणारी घोरपड या सर्वांची एकच मोट बांधून मग तिला प्रतीक, अंधश्रद्धा किंवा प्राचीन ज्ञान असे नाव दिले जाते. वस्तुतः यांतील प्रत्येक प्राणी वेगळ्या मार्गाने कथेत आलेला आहे. म्हणून 'आहे की नाही' या प्रश्नाआधी 'हे कोणी सांगितले, कशासाठी सांगितले आणि सांगण्याचा पोत कसा आहे' हा प्रश्न विचारावा लागतो, आणि हा प्रश्न तर समीक्षेचाच आहे. प्राणिशास्त्रज्ञाने शोध घ्यावा आणि मराठीच्या अभ्यासकाने केवळ अर्थ लावीत बसावे, ही कामाची वाटणी प्रस्तुत लेखात स्वीकारलेली नाही.

भारुंड आणि शरभ

मराठीच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचा अद्भुत प्राणी म्हणजे भारुंड. पंचतंत्रातील या पक्ष्याला पोट एक आणि तोंडे दोन आहेत. एका तोंडाला गोड फळ मिळते, दुसऱ्याला ते मिळत नाही, आणि रागावलेले दुसरे तोंड विषफळ खाऊन दोघांचाही नाश करते. नाथांच्या 'भारूड' या रचनाप्रकाराच्या नावाची एक व्युत्पत्ती याच पक्ष्याशी जोडली जाते. एक लौकिक आणि एक पारमार्थिक असे दोन अर्थ एकाच वेळी बोलणारी रचना ती भारूड, असा तिचा आशय. 'बहुरूढ' या शब्दापासून भारूड झाले असाही दुसरा पक्ष आहे. या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नाथांनी ज्या प्राण्यांवर भारुडे रचली ते प्राणी अद्भुत नाहीत. विंचू आहे, एडका आहे. विंचू कसा चावतो हे पैठणच्या वाळवंटात बसलेल्या प्रत्येक श्रोत्याला ठाऊक होते, म्हणूनच काम-क्रोधाचा विंचू त्याला कळला. दुहेरी अर्थाच्या या रचनेला नाव द्यावयाचे तेव्हा दुतोंड्या काल्पनिक पक्षी आठवला. पण श्रोत्याच्या अंगावर काटा आणावयाचा तेव्हा घरातील विंचूच लागला. कल्पित प्राणी आणि खरा प्राणी यांचे साहित्यातील कार्य किती भिन्न असते, हे दाखविणारे याहून चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

भारुंडाच्या कथेत तो काय खातो हे केवळ बोधापुरते येते. तो घरटे कोठे बांधतो, अंडी किती घालतो, कोणत्या ऋतूत दिसतो, शेताचे नुकसान करतो काय, यांपैकी काहीही कथेला ठाऊक नाही, आणि तिला त्याची गरजही नाही. कथेचा बोध संपला की पक्षीही संपतो.

शरभाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. आज शरभ म्हटले की सिंहाचे तोंड, आठ पाय, क्वचित पंख आणि हत्तीलाही पंजात धरणारे बळ असा प्राणी डोळ्यांसमोर येतो. जंजिऱ्याच्या प्रवेशद्वारावर पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेला जो पशू कोरलेला आहे, त्याला आपले दुर्ग अभ्यासक शरभ म्हणतात. शिवनेरीच्या वाटेवरील दरवाजावरही शरभाचे शिल्प आहे. परंतु हा शब्द जुन्या वाङ्मयात नेहमीच राक्षसी पशूचा वाचक नाही. जातककथांतील शरभमृगाच्या कथेत बोधिसत्त्व शरभ होऊन जन्मतो, तो एक हरीण आहे. कालिदासाच्या मेघदूतात शरभ येतात ते हिमालयाच्या उतारावर, उड्या मारणारे आणि काहीसे अविचारी. पुढे शैव पुराणांत नृसिंहाचा उन्माद शमविण्यासाठी शिव शरभरूप घेतो, आणि मग वैष्णव परंपरेत त्या शरभालाही आवरणारा गंडभेरुंड अवतरतो. म्हणजे डोंगरातील एक साधा मृग दोन संप्रदायांच्या चढाओढीत सापडला आणि त्याला पाय, पंख व नखे फुटत गेली. नृसिंहापेक्षा शरभ मोठा, शरभापेक्षा गंडभेरुंड मोठा, हा क्रम अरण्यात पाहून ठरलेला नाही. तो वादातून ठरलेला आहे. गंडभेरुंड पुढे विजयनगरच्या नाण्यांवर आणि म्हैसूरच्या राजचिन्हात गेला, आणि आजही कर्नाटक राज्याच्या बोधचिन्हात आहे. शरभ किल्ल्याच्या दारावर आला. ज्याला दारावर बसावयाचे आहे त्याने भीतिदायक दिसावे एवढीच अपेक्षा असते.

अशा प्राण्याचे अस्तित्व कोठेतरी सिद्ध होईल काय, याचे उत्तर निःसंदिग्ध 'नाही' असे द्यावयास हरकत नसावी. पाठीचा कणा असलेल्या चतुष्पाद प्राण्यांना हातापायांच्या दोनच जोड्या असतात. पक्ष्याचा पंख आणि वटवाघळाचा पंख हे दोन्ही त्यांचे पुढचे पायच होत. आठ पाय आणि शिवाय पंख असलेला सिंह ही रचना कोणत्याही ज्ञात वंशावळीत बसत नाही.

मांजरेच्या गाळातील हाडे

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. शरभ नसेल, पण नष्ट झालेल्या एखाद्या विशाल प्राण्याची स्मृती लोकमानसात उरली आणि तिचा शरभ झाला, असे का नसावे? एड्रियन मेयर यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ग्रीकांच्या ग्रिफिन या गरुडमुखी सिंहाचा संबंध मध्य आशियातील प्रोटोसेराटॉप्स या डायनोसॉरच्या जीवाश्मांशी जोडला. या मताला पुढे पुराजीवशास्त्रज्ञांकडूनच विरोध झाला, तरी ते फार लोकप्रिय झाले. आपल्याकडेही मकर, व्याल, शरभ यांच्याबाबत असे लिहिण्याचा मोह होतो.

या आक्षेपाची परीक्षा करण्यासाठी मराठवाड्याला दूर जावे लागत नाही. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या गाळात, हारवाडी आणि परिसरात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना प्लाइस्टोसीन काळातील सस्तन प्राण्यांचे विपुल जीवाश्म मिळालेले आहेत. त्यांत आजच्या भारतीय हत्तीपेक्षा आकाराने मोठा असा विलुप्त हत्ती आहे, रानबैल आहे आणि पाणघोडाही आहे. आज आफ्रिकेतच उरलेला पाणघोडा एके काळी गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात डुंबत होता, ही गोष्ट ऐकली की विद्यार्थी अद्भुतकथा ऐकल्यासारखे बघतात. हा प्राणी खरोखर येथे होता, तो अजस्र होता, भयंकर होता, आणि भारतीय उपखंडातील माणसाने त्याला पाहिले असणे पूर्णतः शक्य आहे. मग त्याची कथा कोठे आहे?

ती नाही. मांजरेकाठच्या दैवतकथांत, ओव्यांत, म्हणींत पाणघोडा नाही. मकराची सोंड पुढे करून कोणी म्हणेल की तीच ती स्मृती. पण मकराला सोंड आहे, आणि पाणघोड्याला ती नव्हती. मकराच्या घडणीत हत्ती आणि मगर हे कारागिराने नित्य पाहिलेले दोन प्राणी इतके उघड दिसतात की तिसऱ्याला जागा उरत नाही.

लोकस्मृती किती अल्पायुषी असते हे तपासण्यासाठी हजारो वर्षे मागे जाण्याचीही आवश्यकता नाही. चित्ता हा प्राणी दख्खनच्या माळरानावर होता. राजे-संस्थानिक त्याला शिकारीसाठी पाळीत. मध्य भारतात १९४७ च्या सुमारास त्याची शेवटची ज्ञात शिकार झाली आणि १९५२ मध्ये तो भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर एका पिढीतच मराठी बोलण्यात, आणि वृत्तपत्रांतही, बिबट्याला सर्रास 'चित्ता' म्हटले जाऊ लागले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात सोडले गेले, तेव्हा या दोहोंतील फरक सांगणारी चित्रे वृत्तपत्रांना छापावी लागली. ज्या लोकस्मृतीला सत्तर वर्षांपूर्वीचा चित्ता नीट सांभाळता आला नाही, तिने हिमयुगातील शरभ जपून ठेवला असे मानावयाचे असेल तर पुरावा फार भक्कम हवा.

माहितीचा रूक्षपणा

अद्याप न सापडलेले प्राणी असू शकतील काय, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे. सह्याद्रीतून पाली, बेडूक आणि गोड्या पाण्यातील खेकडे यांच्या नव्या जातींचे वर्णन दरवर्षी प्रसिद्ध होत असते. मोठे प्राणीही क्वचित सापडतात. व्हिएतनामच्या डोंगरात १९९२ मध्ये सावला हा गोकुळातील प्राणी प्रथम विज्ञानाला ठाऊक झाला. अरुणाचल प्रदेशातील माकडाच्या एका नव्या जातीचे वर्णन अनिंद्य सिन्हा, अपराजिता दत्ता, एम. डी. मधुसूदन आणि चारुदत्त मिश्र यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. केरळातील जांभळा बेडूक २००३ मध्ये शास्त्रीय नावासह जगापुढे आला.

या उदाहरणांत समीक्षकाच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. अरुणाचलातील त्या माकडाला स्थानिक मोनपा लोक 'मुनझाला' म्हणत होते, म्हणजे 'दाट जंगलातले माकड', आणि तेच त्याचे शास्त्रीय नाव झाले. पिकांची नासधूस करणारे माकड म्हणून त्याची ओळख होती. त्याच्याविषयी कोणीही अद्भुत असे काही सांगत नव्हते. खरा पण अज्ञात प्राणी लोकांच्या बोलण्यात असा येतो. तो काय खातो, कोठे बसतो, कधी दिसतो, किती त्रास देतो, एवढेच लोक सांगतात. माहिती रूक्ष असते. उलट हिमालयातील यतीच्या कथेत पाऊलखुणा, किंकाळी आणि थरार असतो. पण तो कोणत्या महिन्यात काय खातो हे सांगणारा गुराखी सापडत नाही. यतीचे म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची जनुकीय तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला.

यावरून एक कसोटी सुचते. ज्या प्राण्याच्या वर्णनात दैनंदिन, निरुपयोगी वाटणारा तपशील आहे तो खरा असण्याची शक्यता अधिक. आणि ज्याच्या वर्णनातील प्रत्येक तपशील कथेच्या उपयोगाचा आहे तो रचलेला असण्याची शक्यता अधिक. भारुंडाला ही कसोटी लावता येते, मुनझालालाही. परंतु महाराष्ट्रातच असे एक प्रकरण घडलेले आहे की ज्यापुढे ही कसोटी थेट अडखळते.

रानपिंगळ्याची चिठ्ठी

रानपिंगळा हे लहानसे घुबड आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, म्हणजे पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतलेल्या ह्यूमसाहेबांनीच, १८७३ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले. त्यांतील काही जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात मिळविले होते. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. अपवाद एकच होता. कर्नल रिचर्ड मायनर्ट्‌झहागन या ख्यातनाम ब्रिटिश पक्षिसंग्राहकाच्या संग्रहातील एका नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर गुजरातेतील मांडवी हे ठिकाण आणि १९१४ हे वर्ष लिहिलेले होते. या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पुढील शोध घेतले गेले आणि ते निष्फळ ठरले. रानपिंगळा नष्ट झाला असावा, असे मत बळावत गेले.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. कातडे भरण्याची आणि शिवण्याची पद्धत डेव्हिडसनची होती. मायनर्ट्‌झहागन याने डेव्हिडसनचा नमुना चोरून, पुन्हा शिवून, त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. ती चिठ्ठी बाजूला सारून जुन्या, विश्वसनीय नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला गेला. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ (तेव्हाचा धुळे जिल्हा, आताचा नंदुरबार) रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! आणि हा पक्षी काही रात्रीच्या अंधारात लपणारा नाही. तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो.

आता या प्रकरणाला आपली कसोटी लावून पाहावी. मायनर्ट्‌झहागनची चिठ्ठी म्हणजे ठिकाण, महिना, वर्ष. याहून रूक्ष मजकूर असू शकत नाही. तिच्यात ना थरार, ना चमत्कार. तरीही ती या प्रकरणातील एकमेव कल्पित कथा होती. आपण अद्भुताचा उगम अशिक्षित गुराख्याच्या बोलण्यात शोधतो. पण येथे ते लंडनच्या संग्रहालयात, शास्त्राच्या भाषेत, योग्य त्या नमुन्यात लिहून ठेवलेले होते. ज्या पद्धतीने आपण एखादी पोथी तपासतो, म्हणजे हस्ताक्षर, कागद, प्रक्षेप, लेखनकाराचा हेतू पाहतो, त्याच पद्धतीने ती चिठ्ठी तपासली गेली तेव्हाच पक्षी सापडला. पाठचिकित्सेने एक पक्षी जिवंत केला, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही.

म्हणून पोताची कसोटी एकटी पुरत नाही. तिला सांगणाऱ्याच्या हितसंबंधाची कसोटी जोडावी लागते. मुनझालाविषयी सांगणाऱ्या शेतकऱ्याला ते सांगून काही मिळवायचे नव्हते. मायनर्ट्‌झहागनला दुर्मिळ नमुन्याचा मालक म्हणून मान मिळवायचा होता.

चितमपल्लींचे वनलेखन

मराठीत या प्रश्नाशी सर्वांत जवळून संबंध आलेले लेखक म्हणजे मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५). वनाधिकारी म्हणून त्यांनी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा अरण्यांत आयुष्य घालविले. 'पक्षिकोश' सिद्ध केला. पक्ष्यांची आदिवासी आणि प्रादेशिक नावे गोळा केली. हे काम मराठीत दुसऱ्या कोणीही केलेले नाही आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा येथे प्रश्नच नाही. 'पक्षिकोशा'तील स्थानिक नावे हीच मुळी लोकांच्या रूक्ष आणि म्हणून विश्वसनीय ज्ञानाची साक्ष आहे.

परंतु त्यांच्या ललित वनलेखनात एक अडचण आहे. अरण्यातील सोबत्याने सांगितलेली समजूत, संस्कृत ग्रंथातील उल्लेख आणि लेखकाचे स्वतःचे निरीक्षण ही तिन्ही त्यांच्या लेखनात बहुधा एकाच संथ, विश्वासू सुरात येतात. वाचकाला त्या सुराची मोहिनी पडते, आणि कोणते वाक्य कोणाचे हे विचारण्याचे भान सुटते. 'निळावंती' या त्यांच्या पुस्तकाच्या नावाशीच पशुपक्ष्यांची भाषा समजण्याची विद्या सांगणाऱ्या दंतकथेतील ग्रंथाचा संबंध आहे. त्या ग्रंथाच्या वाचकाला वेड लागते किंवा मरण येते, अशी समजूत मराठवाड्यातही घरोघरी आहे. कथा म्हणून तिचे स्थान कोणी नाकारू नये. मात्र वनाधिकाऱ्याच्या अधिकारवाणीने येणारी कथा आणि आजीने सांगितलेली कथा यांचा वाचकावरील परिणाम एकसारखा नसतो. आपल्या समीक्षेने चितमपल्लींच्या भाषेचे कौतुक पुष्कळ केले. त्यांच्या वाक्यांचे साक्षीदार वेगळे करण्याचे काम मात्र झालेले दिसत नाही. हे काम त्यांच्यावर अन्याय करणारे ठरणार नाही. उलट त्यांची खरी निरीक्षणे किती आहेत हे त्यातूनच दिसून येईल.

दुतोंड्या

आतापर्यंतची चर्चा ज्यांना निव्वळ पुस्तकी वाटली असेल त्यांनी मांडुळाकडे पाहावे. मांडूळ हा बिनविषारी साप आहे. तो भुसभुशीत मातीत राहतो आणि मुख्यतः उंदरांवर जगतो. त्याची शेपूट टोकदार नसून बोथट असते. संकट आले की तो डोके वेटोळ्याखाली लपवितो आणि शेपूट वर करून हलवितो, म्हणजे घाव पडलाच तर शेपटीवर पडावा. या साध्या बचावाच्या युक्तीतून 'दुतोंड्या' जन्मला. तो सहा महिने एका तोंडाने आणि सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो, असे सांगितले जाते. शेपटीवर खुणा करून तेथे तोंड असल्याचा भास निर्माण करण्याचा गारुड्यांचा उद्योगही जुना आहे. भारुंड आणि दुतोंड्या यांत एवढाच फरक की एकाला शरीर नव्हते म्हणून तो कथेतच राहिला, आणि दुसऱ्याला शरीर होते म्हणून ते विकता आले.

गुप्तधन दाखविणारा, घरात ठेवल्यास पैशाचा पाऊस पाडणारा म्हणून मांडुळाची किंमत त्याच्या वजनावर ठरते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने त्याला संरक्षण दिलेले असूनही त्याच्या तस्करीची प्रकरणे महाराष्ट्राच्या सर्व भागांतून येत असतात. विकत घेणारे अशिक्षित असतात असाही नियम नाही. एवढी रक्कम अशिक्षित शेतमजुराकडे नसते. घोरपडीचीही तीच गत आहे. सिंहगडाच्या कड्यावर तानाजीच्या मावळ्यांना चढविणारी यशवंती घोरपड शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे. सभासदाच्या बखरीत कडा चढण्याचा प्रसंग आहे, घोरपड नाही. त्या कथेने घोरपडीला निदान मान तरी दिला. आजची समजूत तिला तेवढाही देत नाही. नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय 'हत्ता जोडी' नावाची दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून विकले जाते, हे २०१७ मध्ये तपासणीतून उघड झाले. येथे तर अद्भुत प्राणीही नाही. अद्भुत वनस्पतीच्या नावाखाली खरा प्राणी मारला जात आहे.

महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. भानामतीच्या समजुतीने ग्रासलेल्या नांदेड-लातूर भागाला त्या कायद्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पण त्या कायद्याची दृष्टी स्वाभाविकपणे माणसाच्या पीडेकडे आहे. समजुतीने प्राण्याची जी पीडा होते तिचा विचार वन खात्यावर सोपविला गेला, आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी तर तो केलाच नाही. 'मांडूळ : एक लोकसमजूत' असा संकलनाचा कागद आपण विद्यार्थ्याकडून भरून घेतो, त्यात गुप्तधनाची कथा जशीच्या तशी उतरवून घेतो आणि गुण देतो. पुढचा विद्यार्थी तोच कागद संदर्भ म्हणून वापरतो. छापील संदर्भाला मिळणारी प्रतिष्ठा त्या कथेला आपणच देत असतो. मायनर्ट्‌झहागनच्या चिठ्ठीशी याचे साम्य वाटते ते यामुळेच. हेतू निर्मळ असला तरी नोंद खोटी ती खोटीच.

दुर्गाबाई भागवत किंवा प्रभाकर मांडे यांनी संकलनाची जी शिस्त मराठीला शिकविली, तिच्यात निवेदकाचे नाव-गाव, वय, जात, प्रसंग यांची नोंद आवश्यक मानलेली आहे. प्राणिकथांपुरते तीत दोन रकाने वाढवावेत, एवढीच प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. निवेदकाने हा प्राणी स्वतः पाहिला काय, हा एक. आणि पाहिला असल्यास कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकात, जमीन कोरडी होती की ओली, आणि तो काय करीत होता, हा दुसरा. अर्धापूर परिसरात हळदीच्या काढणीला किंवा केळीच्या खोडाजवळ कुदळ मारताना मांडूळ निघाला, असे सांगणारा गडी भेटला तर त्याची कथा अवश्य लिहून घ्यावी. पण तो किती लांब होता, त्याच्या बिळात उंदीर होते काय आणि पुढे त्या सापाचे काय झाले, हेही त्याच पानावर लिहून घ्यावे.